चंदनाखालचा काटा

अप्पा, तुमचा मीटर आता काचेच्या कपाटात ठेवला आहे. गेल्या आठवड्यात आत्याच्या मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला मी कॉलेजात गेलो होतो. रसायनशाळेच्या व्हरांड्यात, पूर्वी जिथे छत्र्या टांगायचे तिथे, एक कपाट उभं केलंय आणि त्यात तो आहे. बिडाच्या गोल पोटाला काळा रंग दिलाय. तबकडीभोवतीचं पितळ घासून इतकं लख्ख केलंय की आधी मला तो ओळखूच आला नाही. आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फुटली आहे, ती तशीच फुटकी ठेवली आहे. शेजारी भट्टीचं एक झाकण, दोन जुने बर्नर आणि गॅसचा दाब पाहायची ती वाकडी काचनळी. गॅसघर पाडलं. त्या जागी आता सायकली लावतात. प्रयोगशाळेत गॅस सिलिंडरमधून येतो, आणि सिलिंडर रिकामे झाले की लॉरी येऊन घेऊन जाते.

मी तिथे उभा होतो तेव्हा एक तरुण लेक्चरर मुलांना ते सगळं दाखवत होता. एका मुलीने विचारलं, "सार, गॅस कॉलेजच बनवायचं आणि कॉलेजच जाळायचं. मग मीटर कशाला? बिल कोण कुणाला पाठवणार?" लेक्चरर हसला. म्हणाला, "ब्रिटिशांची सवय. मोजायचं म्हणून मोजायचं." मुलंही हसली. प्रश्न अगदी बरोबर होता, अप्पा. आणि त्याचं उत्तर ठाऊक असलेला माणूस खांद्याला पिशवी लावून त्यांच्या मागेच उभा होता. त्या मुलीने मागे वळून पाहिलं, मी बाजूला झालो, आणि ती सगळी पुढच्या कपाटाकडे गेली. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मी मराठीत लिहितो आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. आपण घरी बोलत होतो ती आपली तंजावरची, निम्मी तमिळ मिसळलेली. लिहायची मराठी मी नंतर शिकलो. आवडी गावातल्या माझ्या ऑफिसात पुण्याहून बदलून आलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून पुस्तकं आणतो, आणि शब्दाबद्दल शंका आली की कोशात पाहून मगच पुढे जातो. शाळा अर्धी सुटली, त्याची ही भरपाई असावी. तुम्हाला मोडी सरसर वाचता यायची, पण बाळबोध अक्षरांवर तुम्ही बोट ठेवून ठेवून वाचायचात. हे एवढं लांबलचक तुमच्यासमोर ठेवलं असतं तर तुम्ही पहिल्या पानावरच चष्मा काढून म्हणाला असतात, "तूच वाच की रे."

मी शाळेची शेवटची परीक्षा नापास झालो त्या वर्षी तुम्ही मला गॅसघरात तात्पुरता लावून घेतलंत. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि बसचा कंडक्टर अजून आण्यांत बोलायचा. मला त्या कामाची भीती वाटायची, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं असणार. लालभडक तापलेल्या लोखंडी नळीत रॉकेल थेंबथेंब सोडायचं, त्याचा गॅस व्हायचा, तो पाण्यातून धुऊन पुढे जायचा आणि हौदात उपड्या घातलेल्या त्या प्रचंड लोखंडी घंगाळाखाली साठायचा. गॅस भरला की घंगाळ पाण्यातून वर यायचं, मुलांनी बर्नर पेटवले की हळूहळू खाली बसायचं. ते वर आलेलं पाहिलं की मला वाटायचं, आता हे उलटणार. तुम्ही त्याच्या कडेला धोतर खोचून उभे राहायचात आणि गवळ्याने म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्यावर थाप मारायचात. तिथून गॅस मीटरमधून जायचा, आणि मीटरमधून नळाने दोन्ही प्रयोगशाळांना.

मीटर तुमच्याही आधीचा होता. कुठल्या तरी विलायती कारखान्याचं नाव तबकडीवर होतं, पण ते हातांनी पुसून गेलं होतं. पोटात अर्धं पाणी आणि त्या पाण्यात फिरणारं कप्प्याकप्प्यांचं पिंप. गॅस आला की पिंप फिरायचं, पिंप फिरलं की तबकडीवरचे काटे सरकायचे. मोठ्या वर्तुळांकडे कुणीच पाहत नसे. तुम्ही पाहायचात ते सगळ्यांत वरचं लहान वर्तुळ, ज्याचा काटा एक बर्नर पेटला तरी हलायचा. संध्याकाळी प्रयोगशाळा बंद झाल्या, गॅसच्या सगळ्या चाव्या बंद केल्याचं अटेंडरने सांगितलं, की तुम्ही स्टूल ओढून मीटरसमोर बसायचात आणि त्या काट्याकडे बघत राहायचात. काटा स्थिर राहिला तर नळात कुठेही गळती नाही. तो केसभर जरी सरकला, तर तुम्ही उठून साबणाच्या पाण्याची वाटी घ्यायचात आणि प्रत्येक सांध्यावर बुडबुडा शोधत फिरायचात. मगच मुख्य व्हॉल्व्ह बंद व्हायचा आणि आपण घरी निघायचो.

प्रयोगशाळेचा म्हातारा अटेंडर तुमची थट्टा करायचा. आपल्या लोकांना तिकडे म्हणतात तसं तो तुम्हाला रायर म्हणायचा. "काय रायरे, झालं का दर्शन? आमच्या कपालीश्वराच्या देवळात एवढा वेळ बसला असतात तर आतापर्यंत मोक्ष मिळाला असता."

"तुझा देव कधी हलून दाखवतो का?" तुम्ही विचारायचात.

"तुमचा हलला की तुम्ही धावत सुटता. असला देव कशाला हवा?"

तुम्ही हसायचात, पण नजर काट्यावरून काढायचा नाहीत.

मग तो दिवस आला ज्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात. धाकट्या प्रयोगशाळेत मी बाटल्या पुसत होतो आणि मला तिसऱ्या टेबलापाशी गॅसचा वास आला. मी बाहेर येऊन मोठ्याने म्हटलं, "अप्पा, इथे वास येतोय." व्हरांड्यात डेमॉन्स्ट्रेटर होते, अटेंडर होता, दोन-तीन मुलं होती. सगळ्यांनी नाकं वर केली. तुम्ही आलात, टेबलाजवळ वाकलात, आणि सरळ होऊन माझ्यावर ओरडलात. "नाक पुढे करून चालू नको! नाक खोटं बोलतं. काटा बघ, काटा! इतके दिवस काय शिकलास?" मग तुम्ही सगळ्या चाव्या बंद करायला लावल्यात, मीटरपाशी गेलात, काटा पाहिलात, परत आलात आणि तिसऱ्या टेबलाखालचा सांधा घट्ट केलात. वास होताच. म्हणजे मी बरोबर होतो आणि तरीही तुम्ही मला बोललात. कित्येक दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोललो. अम्मा विचारायची, "काय झालंय तुम्हा दोघांना? एकाच बसने येता आणि दोन दारांनी शिरता."

त्याच महिन्यांत घरीही काहीतरी बिनसलं होतं. तुम्हाला अम्माच्या हातचं सांबार फार आवडायचं. पहिल्या घासाला तुम्ही डोळे मिटायचात आणि मग एखादा शब्द बोलायचात, "वा" किंवा "आज कोथिंबीर ताजी." ती त्या शब्दासाठी थांबलेली असायची. एक दिवस ती हिंग घालायला विसरली. तिच्या लक्षात आलं तेव्हा पानं वाढून झाली होती. तुम्ही घास घेतलात आणि म्हणालात, "आज सांबार फर्स्ट क्लास."

अम्माचा हात भांड्यावरच थांबला. "बोलायचं तर सरळ बोला. विसरले मी हिंग. एवढं टोचून कशाला?"

तुम्ही गोंधळलात. "मी कुठे टोचून बोललो?"

"पोदुम, पुरे. कळलं."

पुढच्या वेळी तुम्ही जपून म्हणालात, "हिंग जरासं कमी." त्या दिवशी तिने रागाने मुद्दाम जास्त घातलं होतं, इतकं की माझ्या बोटांचा वास दुसऱ्या दिवशीही गेला नाही. ती उठून मागच्या अंगणात गेली. त्यानंतर तुम्ही जेवताना बोलणंच सोडून दिलंत. डोळे मिटणंही सोडलंत. मान खाली घालून जेवायचात, हात धुवायचात. शेजारच्या मामीजवळ अम्मा म्हणाली, "आता माझ्या हातचं यांना गोड लागत नाही." ते मी ऐकलं. तुम्हीही ऐकलं असणार, कारण तुम्ही दारातच होतात.

मला कळलं ते दुधामुळे. एका रविवारी अम्मा देवळात गेली होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून पेपर वाचत होतात आणि पाठीमागे शेगडीवर दूध होतं. मी रस्त्यावरून येत होतो. करपल्याचा वास मला कोपऱ्यावरच आला. मामी तिच्या दारातून ओरडत होती, "अय्यो, कुणाचं दूध जळतंय हो?" मी धावत आत आलो तर भांडं काळं पडलं होतं आणि तुम्ही पान उलटत होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "काय रे, धावतोस कशाला?" मी भांडं उतरवलं. तुम्ही उठून आलात, भांड्यात पाहिलंत, आणि तुमचा चेहरा मला कधी विसरता येणार नाही. चोरी पकडलेल्या माणसाचा असावा तसा. "विचारात होतो," तुम्ही म्हणालात.

मी नळाखाली भांडं घासत बसलो आणि घासता घासता सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. हिंग, दूध, तिसरं टेबल, संध्याकाळचं स्टूल. गॅसच्या कामावर असलेल्या माणसाला वास येत नव्हता. वर्षानुवर्षं त्या धुरात उभं राहून तो गेला होता की एखाद्या तापात, ते मला आजही माहीत नाही. आणि हे कुणाला कळलं असतं तर त्या जागेवर तुम्हाला कुणी एक दिवस ठेवलं नसतं. म्हणून तो जुना मीटर. तुमचं नाक त्याच्या तबकडीवर होतं. मी भांडं घासून पालथं घातलं आणि अम्माला सांगितलं की दूध माझ्याकडून जळलं.

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी वास घेऊ लागलो. प्रयोगशाळांतून रोज एकदा उगाच फेरी मारायची. कुठे शंका आली तर मोठ्याने न बोलता तुमच्याजवळ यायचं आणि म्हणायचं, "अप्पा, तिकडचे सांधे एकदा बघू या का? बरेच दिवस झाले." तुम्ही म्हणायचात, "बघू या." आपण कधी यापलीकडे गेलो नाही. मला वाटायचं, मी फार शहाणपणाने वागतोय.

मग नवे प्रोफेसर आले. माणूस चांगला होता, परदेशी शिकून आलेला, पण आवाज चढवत नसे. गॅसघर पाहायला आले आणि त्या मुलीने गेल्या आठवड्यात विचारलं तेच त्यांनी विचारलं. "रायर, हा मीटर कशासाठी? गॅस आपला, वापर आपला. यातून दाब मात्र कमी होतो. मुलांच्या बर्नरची ज्योत बघा, पिवळी पडते. काढून टाकू आणि सरळ नळ जोडू."

"जुना आहे, सार," तुम्ही म्हणालात.

"म्हणूनच तर."

"राहू द्या, सार. सवय झालीय."

ते हसले. "सवय मीटरला झालीय की तुम्हाला?"

तुम्ही खाली पाहिलंत. तुमच्याजवळ सांगण्यासारखं कारण एकच होतं आणि ते सांगता येत नव्हतं. मी भट्टीजवळ उभा होतो. शेवटी तुम्ही म्हणालात, "आयुधपूजा जवळ आलीय. दरवर्षी पूजा होते त्याची. तेवढी होऊ द्या." त्यांनी लगेच मान्य केलं. पूजा झाली की मीटर काढायचा, असं ठरलं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, आणि अम्माला वाटलं, आजही तिच्याच हाताचं काहीतरी चुकलं.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी प्लंबर येऊन मीटरचे नट पाहून गेला. इतक्या वर्षांचे गंजलेले, सुटतात की नाही बघायला त्याने तेल सोडलं, पाना लावून थोडे फिरवले आणि पुन्हा बसवले. पूजेच्या दिवशी भट्टी धुतली, पाने, हातोडे, व्हॉल्व्हची चाकं सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. प्रसादाला पोरी, म्हणजे चुरमुरे, गूळ, डाळं, केळी. प्रोफेसर मुद्दाम आले. तुमचा मान राखावा म्हणूनच असेल, त्यांनी चंदनाची वाटी तुमच्या हातून घेतली आणि म्हणाले, "याला मी लावतो. याची ही शेवटची पूजा." पूर्ण चार बोटं बुडवून त्यांनी मीटरच्या काचेवर वरपासून आडवं चंदन ओढलं आणि मधोमध कुंकू टेकवलं. वरचं लहान वर्तुळ त्याखाली झाकून गेलं. तुम्ही हात जोडून उभे होतात. तुम्ही दरवर्षी चंदन लावायचात ते खाली, पोटावर. काचेला कधी नाही. पण आता ते पुसता येत नव्हतं. एक तर मोठ्या माणसाने लावलेलं, आणि दुसरं म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होऊन हत्यारं उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आला होतात. पुस्तक जरी उघडलं तरी तुम्ही त्या दिवशी रागवायचात.

विजयादशमीला आपल्या गॅसघराची एक रीत होती. सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्ही व्हॉल्व्ह उघडायचात, काटा पाहायचात, कापूर लावायचात, आणि त्याच ज्योतीने भिंतीवरचा लहान बर्नर पेटवायचात. वर्षाची पहिली ज्योत. मग लोक यायचे. त्या सकाळी मी नारळ आणि फुलं आणायला मागे थांबलो होतो. मी पोचलो तेव्हा दार ओढलेलं होतं आणि दोन्ही खिडक्या बंद होत्या; समुद्रावरच्या वाऱ्याने कापूर विझतो म्हणून तुम्ही त्या दरवर्षी लावून घ्यायचात. मी दार ढकललं आणि वास अंगावर आला. तिसऱ्या टेबलासारखा नव्हे. डोळ्यांत पाणी आणणारा. तुम्ही पाटावर बसला होतात, माझ्याकडे पाठ. समोर विडा, केळी, ताटलीत कापराची वडी. व्हॉल्व्ह उघडा होता. तुमचं स्तोत्र संपत आलं होतं आणि डाव्या हातात काडेपेटी अर्धी उघडलेली होती.

गॅस, असं ओरडायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या बापासमोर मी ओरडलोही असतो. मी म्हणालो, "अप्पा, आधी नारळ फोडू या."

"आरतीनंतर," तुम्ही मागे न पाहता म्हणालात.

"नाही. अम्माने सांगितलंय. आधी नारळ. बाहेर."

"तिला कधीपासून शास्त्र कळायला लागलं?" तुम्ही काडी काढलीत.

मी पुढे झालो आणि तुमच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. तुम्ही मडीत, सोवळ्यात होतात, अप्पा. न्हाऊन, ओलं धोतर नेसून. मी बसमधून आलेला, तुम्हाला शिवलो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तुम्ही मला उभं जाळलं असतंत. तुम्ही वळून माझ्या तोंडाकडे पाहिलंत, आणि उठलात. मी नारळ तुमच्या हातात दिला. तुम्ही बाहेर जाऊन झाडाखाली उभे राहिलात. मी व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या, दार सताड उघडं टाकलं. वारा आत आला. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही नारळ तसाच धरून उघड्या खिडक्यांकडे पाहत होतात.

"वास होता?" तुम्ही विचारलंत.

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"थोडासाच, अप्पा."

तुम्ही नारळ या हातातून त्या हातात घेतलात. मग आजवर मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "अरे, ऐक. मला ना, कधीपासून..."

"राहू द्या, अप्पा. लोक येतील आता."

तुम्ही थांबलात. तुमचं तोंड अजून थोडं उघडं होतं. मग तुम्ही मान हलवलीत, जणू काही मी अगदी योग्य बोललो, आणि म्हणालात, "सरी, ठीक. खरंच, येतील."

वास पूर्ण गेल्यावर आपण आत गेलो. तुम्ही बोट ओलं करून काचेवरचं चंदन पुसलंत, लहान वर्तुळापुरतं, आणि मी व्हॉल्व्ह थोडासा उघडला. काटा सरळ चालत सुटला. प्लंबरने फिरवलेला, मीटरमधून गॅस बाहेर पडतो त्या बाजूचा नट होता. तो घट्ट केला, काटा थांबला, वेळेवर लोक आले, ज्योत पेटली. अटेंडरने मीटरकडे पाहून विचारलं, "अरे, सणाच्या दिवशी याचं कपाळ कुणी पुसलं?" कुणीतरी हसलं. "मी," तुम्ही म्हणालात. मग प्रसाद वाटून झाल्यावर तुम्ही प्रोफेसरांपुढे उभे राहिलात आणि सांगितलंत की गुडघे साथ देत नाहीत, या महिन्यानंतर काम होणार नाही. आणि माझ्याबद्दल म्हणालात, "याला इथे ठेवू नका, सार. याचं अक्षर चांगलं आहे. कुठे लिहिण्याच्या कामाला सांगा." त्यांनी सांगितलंही. आवडीच्या ऑफिसातली ही नोकरी मला त्यातूनच मिळाली. मीटर काढायचं मात्र राहूनच गेलं. तुम्ही काम सोडल्यावर त्याची कुणाला घाई उरली नाही, आणि सिलिंडर येईपर्यंत तो नळावर तसाच होता. नवा माणूस नाकाने काम करायचा.

तुम्ही फार दिवस घरी राहिला नाहीत. दोन पावसाळेही पुरते झाले नाहीत आणि तुम्ही वारलात. ओसरीवर बसायचात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचात, आत आलात की गप्प. एका सकाळी मी डबा घेऊन निघालो होतो तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. "त्या दिवशी गॅसघरात," तुम्ही सुरुवात केलीत. मी म्हटलं, "अप्पा, सेंट्रल स्टेशनवरून गाडी पकडायचीय." तुम्ही पाय आवरून घेतलेत, मला उतरायला वाट दिलीत. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तुमची लाज राखली. मुलाने बापासाठी आणखी काय करायचं? पण परवा त्या कपाटासमोरून परत आल्यावर मला झोप लागली नाही आणि मी हे सगळं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, ऑफिसात बेरीज तपासतो तसं. बेरीज जुळत नाही. तुम्हाला त्या झाडाखाली लाज वाटत नव्हती. तुम्हाला सांगायचं होतं. नारळ हातात घेऊन ओल्या धोतरात उभं राहून तुम्ही धीर गोळा केला होता, आणि माझं नाक आणि तुमचा हात मिळून कदाचित ते काम आणखी काही वर्षं झालंही असतं, उघडपणे, एकमेकांना सांगून. किंवा झालं नसतं. पण तुम्ही अम्माजवळ तरी बोलला असतात. तिला कळलं असतं की सांबारात काही कमी नव्हतं. मी "राहू द्या" म्हटलं आणि तुम्हाला कळवलं की ही गोष्ट बोलण्यासारखी नाही. मी थांबवलं ते तुमच्यासाठी नव्हेच. तुम्ही तोंडाने सांगेपर्यंत माझा नुसता अंदाज होता. सांगितलं असतंत तर मला माहीत झालं असतं, आणि माहीत असलेल्या माणसाला काहीतरी करावं लागतं. दोन प्रयोगशाळा भरून मुलं होती. मी घाबरलो होतो, अप्पा, कापराच्या वडीला जेवढा घाबरलो त्याहून जास्त.

हे पाकिटात घालायचं नाही, हे सुरुवातीपासून ठाऊक होतं. एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली आहे. काल अम्मा मिरच्या भाजून सांबारपूड करत बसली होती. माझा शर्ट घालून झाला होता. ती म्हणाली, "बस जरा. तुझ्या अप्पांचं एक सांगायचंय तुला. इतकी वर्षं पोटात ठेवलंय." तिने झारा खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. मी घड्याळाकडे पाहिलं. "अम्मा, राहू दे आता, माझी गाडी चुकेल." ती म्हणाली, "सरी, जा." मी पायऱ्या उतरलो, चपला घातल्या आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागलो. काल रविवार होता, अप्पा. ऑफिस बंद होतं.